माहितीचे जतन : संकेतस्थळाचा डेटाबेस, त्याची प्रत आणि आपली जबाबदारी

शिक्षणसंस्थेची मालमत्ता मोजताना आपण जमीन, इमारत, वर्गखोल्या, ग्रंथालय आणि ठेवी यांची यादी करतो. नोंदवह्यांची किंमत त्या यादीत सहसा येत नाही. परंतु नोंदीचे मोल आपल्या समाजाला फार कठोरपणे कळलेले आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, तेव्हा आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील शाईने लिहिलेली एक ओळ नातवाचे अभियांत्रिकीचे किंवा वैद्यकीय शिक्षण वाचवते. ज्या गावात ते रजिस्टर वाळवीने खाल्ले वा पुरात भिजले, तेथील कुटुंबांनी कार्यालयांचे किती उंबरठे झिजवले, हे या स्मरणिकेच्या अनेक वाचकांना स्वानुभवाने ठाऊक असेल.

आज ही नोंद कागदावरून संगणकाकडे जात आहे. आपल्यासारख्या अनेक संस्थांनी माजी विद्यार्थ्यांची यादी, देणगीदारांची नोंद, कार्यक्रमांचे वृत्तान्त आणि ज्येष्ठांच्या आठवणी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. वाचकाला पडद्यावर पान दिसते; त्या पानामागील मजकूर मात्र एका डेटाबेसमध्ये साठवलेला असतो. हा डेटाबेस म्हणजे काय, त्याची प्रत कशी घ्यावी, ती कोठे ठेवावी आणि ती खरोखर उपयोगी आहे हे कसे ओळखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय तांत्रिक वाटला तरी त्याचे मूळ तत्त्व बौद्ध परंपरेला अपरिचित नाही; म्हणून आरंभ तेथूनच करणे योग्य ठरेल.

संघाने स्मृती कशी जपली

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाजवळ सप्तपर्णी गुहेत महाकाश्यपांच्या अध्यक्षतेखाली पहिली संगीती भरली. परंपरेनुसार उपालींनी विनय आणि आनंदांनी धम्म सांगितला आणि जमलेल्या पाचशे भिक्खूंनी त्याचे एकत्र संगायन केले. इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व असे की, एकाची आठवण अनेकांसमोर पडताळून घेतली गेली आणि नंतरच ती सर्वांची झाली. पुढे दीघनिकाय मुखोद्गत ठेवणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय जपणारे मज्झिमभाणक असे गट निर्माण झाले. ग्रंथ एका व्यक्तीच्या किंवा एका विहाराच्या भरवशावर राहिला नाही.

विनयातील उपोसथाचा नियमही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. भिक्खूंनी दर पंधरवड्याला पातिमोक्खाचे पठण करावे. एखाद्या आवासात ते कोणालाच येत नसेल, तर शेजारच्या आवासात भिक्खू पाठवून ते शिकून आणावे, असे महावग्गात सांगितले आहे. एका ठिकाणची प्रत नष्ट झाली तर दुसऱ्या ठिकाणाहून ती पुन्हा आणण्याची ही व्यवस्था होती.

ही व्यवस्था कोठे मोडण्याच्या बेतात आली, हेही परंपरेने लपवलेले नाही. श्रीलंकेतील दुष्काळ आणि युद्धाच्या काळात महानिद्देस हा ग्रंथ फक्त एकाच भिक्खूला पाठ उरला होता, असे अट्ठकथेत नमूद आहे. त्याचे आचरण चांगले नव्हते, म्हणून त्याच्याकडून शिकण्यास इतरांचे मन घेत नव्हते. तरीही ग्रंथ वाचावा म्हणून तो त्याच्याकडूनच शिकून घ्यावा लागला. एकुलती एक प्रत किती असहाय असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, त्रिपिटक लिहून ठेवण्यात आले, त्यामागे हाच अनुभव होता.

आपल्या अलीकडच्या इतिहासातही हा धडा आहे. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांची ग्रंथसंपदा दुसऱ्या बोटीने पाठवली होती. पहिल्या महायुद्धात ती बोट टॉर्पेडोने बुडाली. सामानाचा विमा असल्यामुळे भरपाई मिळाली. ग्रंथ मिळाले नाहीत. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते दीर्घ काळ बंदिस्त राहिली. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली त्यांच्या समग्र वाङ्मयाचा पहिला इंग्रजी खंड प्रसिद्ध केला तो १९७९ साली. पुढील खंडांतील काही प्रकरणे अपुरी आहेत, काही पाने सापडलेली नाहीत. जे हरवले ते नेमके काय होते, हे सांगण्याचा मार्ग आता उरलेला नाही.

सामाईक होस्टिंगचे स्वरूप

संकेतस्थळ चोवीस तास उपलब्ध राहावे म्हणून ते सर्व्हर नावाच्या सतत चालणाऱ्या संगणकावर ठेवावे लागते. स्वतंत्र सर्व्हरचा खर्च शाळा, विहार किंवा लहान न्यास यांना परवडत नाही. म्हणून एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे ठेवून खर्च वाटून घेतला जातो. यालाच शेअर्ड किंवा सामाईक होस्टिंग म्हणतात. आपल्या वसतिगृहात राहिलेल्यांना हे सहज समजेल : खोली सर्वांची, पत्र्याची पेटी प्रत्येकाची. पेटीला कुलूप आपले असले, तरी छत गळू लागले तर सर्वांच्याच पेट्या भिजतात.

या पेटीत दोन वेगळ्या वस्तू असतात. पहिली, फाईल्स : छायाचित्रे, पीडीएफ, मांडणी आणि आज्ञावली. दुसरी, डेटाबेस : लेखांचा मजकूर, नावे, तारखा, सदस्यांची खाती. बहुतेक लहान संस्थांची संकेतस्थळे वर्डप्रेसवर असतात आणि त्यांचा डेटाबेस मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या प्रणालीत असतो. नव्या वर्डप्रेस संकेतस्थळात मुळात बारा तक्ते असतात. लेखांचा एक, सदस्यांचा एक, प्रतिक्रियांचा एक, संकेतस्थळाच्या सेटिंगचा एक, अशी त्यांची विभागणी असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. छायाचित्रे डेटाबेसमध्ये नसतात. डेटाबेसमध्ये छायाचित्राचे शीर्षक आणि त्याचा पत्ता तेवढा असतो. प्रत्यक्ष छायाचित्र फाईलींच्या फोल्डरमध्ये असते. केवळ डेटाबेसची प्रत घेतली तर स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त राहील, चित्रे जातील. केवळ फाईली घेतल्या तर चित्रे राहतील, पण त्यांतील माणसे कोण हे सांगणाऱ्या ओळी जातील. म्हणून दोहोंची प्रत एकाच दिवशी घेणे आवश्यक आहे.

होस्टिंग देणारी कंपनी प्रती घेतच असेल, असे अनेक जण गृहीत धरतात. काही कंपन्या घेतातही. पण त्या किती दिवस ठेवल्या जातात आणि त्यांची हमी कितपत असते, हे करारातील बारीक अक्षरांत लिहिलेले असते. शिवाय त्या प्रती पुष्कळदा त्याच कंपनीच्या ताब्यात, कधी त्याच जागेत असतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा केंद्राला आग लागली. एक पाच मजली केंद्र पूर्णपणे जळाले आणि शेजारच्या केंद्राचा काही भागही गेला. ज्या ग्राहकांची मूळ माहिती आणि प्रत त्याच आवारात होती, त्यांची दोन्ही एकाच रात्री गेली. घर आणि घराची किल्ली एकाच आगीत जळावी, तसा हा प्रकार होता.

प्रत घेण्याची रीत

सामाईक होस्टिंगवर बहुधा सीपॅनेल नावाचे नियंत्रणपटल मिळते. त्यातून प्रत घेण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत सर्वांत सोपी. सीपॅनेलमधील ‘बॅकअप’ या विभागात डेटाबेसचे नाव दिसते. त्यावर क्लिक केले की दाबून लहान केलेली फाईल आपल्या संगणकावर उतरते. तेथेच होम डिरेक्टरीची, म्हणजे सर्व फाईलींची, प्रतही मिळते. ‘फुल बॅकअप’ असाही पर्याय असतो. मात्र तो संपूर्ण गठ्ठा ग्राहकाला सीपॅनेलमधून स्वतः परत चढवता येत नाही. त्यासाठी कंपनीची मदत लागते. म्हणून डेटाबेस आणि फाईली यांच्या प्रती स्वतंत्रपणे घेणे हिताचे.

दुसरी रीत पीएचपीमायअ‍ॅडमिन या साधनाची. डाव्या बाजूस डेटाबेस निवडावा, वर ‘एक्स्पोर्ट’ निवडावे, स्वरूप ‘एसक्यूएल’ ठेवावे. ‘कस्टम’ पर्याय घेतल्यास जीझिप पद्धतीने फाईल लहान करता येते. एकापेक्षा अधिक डेटाबेस दिसत असतील, तर वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाईलमध्ये आपल्या डेटाबेसचे नाव लिहिलेले असते. ते आधी पाहून घ्यावे. डेटाबेस फार मोठा असेल, तर ही रीत वेळेच्या मर्यादेमुळे अर्ध्यावर तुटू शकते.

तिसरी रीत स्वयंचलित आहे. सीपॅनेलमधील ‘क्रॉन जॉब’ या सोयीने ठरलेल्या वेळी मायएसक्यूएलडम्प ही आज्ञा चालवता येते. ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय दिल्यास, इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांची प्रत सुरू असताना कोणी नवी नोंद केली, तरी प्रत एकाच क्षणाची आणि सुसंगत निघते. या रीतीत दोन गोष्टी पाळाव्यात. डेटाबेसचा पासवर्ड आज्ञेत उघडा लिहू नये; तो इतरांना वाचता न येणाऱ्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवावा. तसेच तयार झालेली प्रत संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये. तेथे ठेवलेली फाईल पत्ता ओळखणारा कोणीही उतरवून घेऊ शकतो आणि तिच्यात आपल्या देणगीदारांचे व विद्यार्थ्यांचे तपशील असतात.

एसक्यूएल प्रत ही साध्या मजकुराची फाईल असते. आधी तक्ता कसा बांधायचा याची आज्ञा, मग त्यात कोणत्या नोंदी भरायच्या याच्या आज्ञा, असा तिचा क्रम असतो. मायएसक्यूएलडम्पने घेतलेली प्रत पूर्ण झाली असेल, तर शेवटच्या ओळीत सहसा ‘डम्प कम्प्लीटेड’ अशी नोंद आढळते. ती ओळ नसेल तर प्रत अपुरी असण्याची शक्यता गृहीत धरावी. फाईल मिळाली म्हणजे प्रत मिळाली, असे समजू नये.

देवनागरीची विशेष काळजी

इंग्रजी संकेतस्थळांना सहसा न येणारी एक अडचण आपल्याला येते. संगणक प्रत्येक अक्षर आकड्यांत साठवतो. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलन्त यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात. जुन्या संकेतस्थळांचे तक्ते पुष्कळदा लॅटिन-१ या युरोपीय लिपीच्या पद्धतीत बांधलेले असतात. तशा संकेतस्थळावर मराठी नीट दिसते, पण प्रत घेऊन ती दुसरीकडे चढवली की शब्दांच्या जागी अनोळखी चिन्हांची रांग किंवा नुसती प्रश्नचिन्हे उमटतात.

या दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. अनोळखी चिन्हे दिसत असतील तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात. जाणकार माणूस पद्धत दुरुस्त करून मजकूर परत मिळवू शकतो. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर त्या प्रतीतील मजकूर गेला असे समजावे. म्हणून प्रत उतरवल्यावर ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाच-दहा मराठी नावे वाचून पाहावीत. ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रावस्ती’, ‘तृष्णा’ असे जोडाक्षरांचे शब्द सुवाच्य दिसले तर निश्चिंत व्हावे. नवे तक्ते बांधताना यूटीएफ-८ एमबी-४ ही पद्धत निवडावी. मायएसक्यूएलमधील जुनी यूटीएफ-८ पद्धत ३ बाइटांपर्यंतच जाते. तिच्यात देवनागरी मावते, परंतु मोबाइलवरून लिहिताना सहज येणारी इमोजी चिन्हे मावत नाहीत, कारण त्यांना ४ बाइट लागतात.

प्रत कोठे ठेवावी

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आज सर्वत्र मानला जातो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक वेगळ्या ठिकाणी असावी. आपल्यासारख्या संस्थेसाठी त्याचा व्यवहार असा : एक, सर्व्हरवरील मूळ माहिती, दोन, शाळेच्या कार्यालयातील बाह्य हार्ड डिस्कवरील प्रत, तीन, संस्थेच्या नावाने उघडलेल्या क्लाउड खात्यातील किंवा दुसऱ्या गावच्या विश्वस्तांकडील प्रत. पेनड्राइव्ह ने-आण करण्यास चांगला. वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यास तो विश्वासाचा नाही.

जुनी प्रत पुसून तिच्या जागी नवी ठेवण्याची सवय घातक आहे. संकेतस्थळात शिरकाव झाला आणि तो दोन महिन्यांनी लक्षात आला, तर मधल्या सर्व प्रती दूषित असतात. म्हणून शेवटच्या बारा महिन्यांच्या प्रती आणि त्याआधीच्या प्रत्येक वर्षाची एक प्रत राखावी. फाईलच्या नावात तारीख लिहावी. लहान शाळेचा डेटाबेस पुष्कळदा एखाद्या छायाचित्रसंग्रहाहूनही लहान असतो. त्यामुळे जागेची सबब टिकत नाही.

या प्रतींमध्ये लोकांचे दूरध्वनी, पत्ते आणि मुलांची माहिती असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली संमत झाला आहे. परंतु कायद्याआधीही, विश्वासाने दिलेली माहिती उघड्यावर न टाकणे हा शीलाचा भाग आहे. प्रत पासवर्डने बंद करावी आणि हार्ड डिस्क कुलपात ठेवावी.

प्रत उभी करून पाहणे

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते या पायरीकडे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रसिद्ध सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला गेला. कंपनीकडे प्रत राखण्याच्या अनेक व्यवस्था होत्या. प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा नियमित डम्प निघतच नव्हते, असे आढळले. प्रणालीच्या आवृत्त्या जुळत नसल्याने ते अयशस्वी होत होते आणि त्याची सूचना देणारे ई-मेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीमुळे बहुतेक माहिती वाचली. जेथे शेकडो तज्ज्ञ काम करतात तेथे असे घडू शकते, तर आपण केवळ विश्वासावर राहणे परवडणारे नाही.

चाचणी करण्याची रीत अवघड नाही. शाळेच्या संगणक कक्षातील एका संगणकावर झॅम्प हे मोफत साधन बसवावे, नवा रिकामा डेटाबेस तयार करावा आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनमधील ‘इम्पोर्ट’ने प्रत त्यात चढवावी. मग तक्त्यांची संख्या, माजी विद्यार्थ्यांच्या नोंदींची संख्या आणि शेवटच्या लेखाची तारीख मूळ संकेतस्थळाशी ताडून पाहावी. वर्डप्रेस स्वतःचा पत्ता सेटिंगच्या तक्त्यात साठवते. तो बदलला नाही तर चाचणीची प्रत उघडताना आपण पुन्हा मूळ संकेतस्थळावरच जाऊन पोहोचतो आणि सर्व ठीक असल्याचा भास होतो. चालू डेटाबेसवर मात्र ही चाचणी कधीही करू नये. प्रतीतील आज्ञा जुने तक्ते पुसून नवे बांधणाऱ्या असू शकतात.

संगीतीत जे पठणाने साधले, ते येथे या चाचणीने साधते. जे म्हणून दाखवता येत नाही ते पाठ नाही. जी उभी करता येत नाही ती प्रत नाही.

जबाबदारी कोणाची?

आपल्या संस्थांमध्ये संकेतस्थळ बहुधा एखादा उत्साही माजी विद्यार्थी सेवाभावाने उभारतो. पुढे तो नोकरीनिमित्त पुण्याला, बंगळूरूला किंवा परदेशी जातो. होस्टिंगचे खाते त्याच्या ई-मेलवर, नूतनीकरणाचा संदेश त्याच्या जुन्या मोबाइलवर आणि पासवर्ड त्याच्या स्मरणात असतो. त्याच्या निष्ठेत काही उणे नसते. तरीही संस्थेची सर्व स्मृती एका माणसाजवळ राहते. महानिद्देसाची गोष्ट येथे पुन्हा आठवावी.

यावर उपाय संघटनात्मक आहे. डोमेन आणि होस्टिंग यांची नोंदणी संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ई-मेलवर असावी. त्यांची माहिती मोहोरबंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांकडे आणि सचिवांकडे असावी. प्रत घेण्याचे काम तीन जणांना येत असावे : एक शिक्षक, एक कार्यालयीन कर्मचारी आणि एक माजी विद्यार्थी. एक साधी वही ठेवावी; तिच्यात तारीख, प्रत कोणी घेतली, फाईलचा आकार, प्रत कोठे ठेवली आणि चाचणी केव्हा झाली, एवढेच रकाने असावेत. फाईलचा आकार अचानक घटला तर काहीतरी बिघडले आहे, हे त्या वहीवरूनच प्रथम कळते.

दिवस ठरवण्यासाठी नवे वेळापत्रक शोधण्याची गरज नाही. दर पौर्णिमेला आपण वंदनेसाठी एकत्र येतो. त्याच दिवशी महिन्याची प्रत घ्यावी. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या सुमारास वर्षातून एकदा प्रत उभी करून पाहण्याची चाचणी करावी आणि तिच्यात नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहभागी करून घ्यावे. त्यातून त्यांना संगणकाचे एक उपयुक्त कौशल्य मिळेल आणि नोंद जपणे ही चळवळीची जबाबदारी आहे, याची जाणीवही होईल.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. ज्यांना बोलण्याची मुभा नव्हती त्यांचा शब्द त्यामुळे कागदावर आला. तो कागद कोणी तरी जपला म्हणून आज आपण तो वाचू शकतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांची, परिचारिकांची, शिक्षकांची आणि शेतमजूर आईबापांची कहाणी आज संगणकाच्या पडद्यावर आहे. ती जपण्यासाठी लागणारा खर्च एका हार्ड डिस्कचा आणि वेळ महिन्यातील एका तासाचा आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना या कामाची जाण आहे, त्यांनी येत्या पौर्णिमेला शाळेच्या कार्यालयात यावे आणि पहिली प्रत आपल्या हाताने घ्यावी, ही विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!